फेरफार क्रमांक

सकाळी साडेसहा

कॅलिफोर्नियात संध्याकाळ होते तेव्हा पुण्यात उजाडतं. तिकडची आमची रिव्ह्यूअर दिवस संपवताना माझं काम वाचते, म्हणून चहाचं आधण ठेवलं की मी आधी तिचे शेरे बघते. आज तेरा आहेत. बहुतेक फंक्शनांच्या नावांबद्दल, दोन चाचण्यांबद्दल, एक लायसन्सबद्दल. तेरावा एकाच ओळीचा आहे: ह्या दोन लिखाणांच्या मधोमध प्रोसेस मेली तर काय होईल?

त्या दोन ओळी उघडून पाहिल्या. तीन आठवड्यांपूर्वी मीच लिहिलेल्या, एकीखाली एक. तेव्हा अगदी निर्धोक वाटल्या होत्या. चहा गाळला, पण उत्तर लिहिलं नाही. अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं तर तो प्रसंग आधी घडवून बघावा लागतो, आणि त्याला लागणारं तीन मशीनचं क्लस्टर दुपारी एकपर्यंत दुसऱ्या सहकाऱ्याकडे आहे.

आठ

अण्णांचा फोन. जेवणखाण, पाऊस, गुडघा हे झालं की त्यांचा ठरलेला प्रश्न: "काय गं, झालं का तुझं ते दप्तर?"

अण्णा वाई तालुक्यात तलाठी होते. दप्तर हा त्यांच्या कामातला शब्द, माझ्या मॉड्यूलला त्यांनीच दिलेला. आमची फाइल सिस्टिम ओपन सोर्स आहे आणि ती एका मशीनवर राहत नाही. मोठ्या फाइलचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर जातात. कुठल्या डिरेक्टरीत कुठली फाइल, तिचे तुकडे कोणते, ते कुठे ठेवलेत, मालक कोण, ही नोंद निराळी ठेवावी लागते. आम्ही तिला मेटाडेटा म्हणतो. दप्तर हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. गावातली जमीन कुठे जात नाही, पण दप्तर गेलं तर ती कोणाची हे सांगायला कागद उरत नाही. इथेही तसंच: डिस्कवर तुकडे शाबूत असतात, पण ते कुठल्या फाइलचे आणि कितवे हे सांगणारं कोणी नसतं.

हे दप्तर पहिल्या दिवसापासून एका सर्व्हरच्या मेमरीत आहे. ही पद्धत जुनी आहे. गूगलने २००३ साली आपल्या फाइल सिस्टिमची रचना प्रसिद्ध केली, तिच्यात एकच मास्टर सगळा मेटाडेटा मेमरीत ठेवत असे. हडूपची एचडीएफएस त्याच वाटेने गेली. मेमरीतलं वाचणं झटपट होतं आणि रचना सोपी राहते, तेव्हा तो निर्णय योग्यच होता. पण मेमरी फायलींच्या संख्येने भरते, फायली केवढ्या आहेत ह्याच्याशी तिला देणंघेणं नाही. कॉन्स्टँटिन श्वाच्को यांनी २०१० साली एचडीएफएसचा हिशोब मांडला होता: १० कोटी फायलींसाठी नेमनोडला, म्हणजे तिच्या मास्टरला, किमान ६० जीबी रॅम हवी. आमच्या वापरकर्त्यांकडे चिमुकल्या फायलींचे डोंगर आहेत. जावा सांभाळते ती सर्व्हरची मेमरी, म्हणजे हीप, एवढी मोठी झाली की तिच्यातला कचरा गोळा करायला सर्व्हर थबकतो, आणि थबकलेला सर्व्हर मेला असं समजून त्याच्या बाकीच्या प्रती नवा नेता निवडायला लागतात.

म्हणून हे नवं मॉड्यूल. दप्तर मेमरीतून काढून डिस्कवरच्या की-व्हॅल्यू स्टोअरमध्ये ठेवायचं, आणि सारखं लागतं तेवढंच मेमरीत राहू द्यायचं. आम्ही रॉक्सडीबी निवडली. गूगलच्या लेव्हलडीबीवरून फेसबुकमध्ये ती २०१२ साली घडवायला घेतली आणि २०१३ साली खुली झाली. साठवणीच्या इतर प्रणालींपैकी सेफने ब्लूस्टोअरमध्ये आपला मेटाडेटा तिच्यात ठेवला, अपाचे ओझोनने ठेवला, अलक्सिओने २.० आवृत्तीत हीपसोबत तिचाही पर्याय दिला. एवढे लोक ज्या रस्त्याने गेले त्यावरचे खड्डे तरी माहीत असतात, हे माझं निवडीमागचं खरं कारण.

"अजून नाही झालं अण्णा. एक शंका निघालीय."

"मग अंमल देऊ नको," ते म्हणाले. "शंका मिटेपर्यंत नोंद तशीच ठेवायची."

साडेनऊ

लायसन्सचा शेरा दहा मिनिटांत मिटला. रॉक्सडीबीच्या जुन्या लायसन्सला पेटंटची एक पुरवणी जोडलेली होती. २०१७ साली अपाचे फाउंडेशनने त्या प्रकारचं लायसन्स आपल्या प्रकल्पांसाठी नाकारलं, आणि त्याच वर्षी रॉक्सडीबी अपाचे २.० आणि जीपीएल २ अशा दुहेरी लायसन्सखाली आली. आम्ही घेतलेली आवृत्ती त्यानंतरची आहे. तसं लिहून टाकलं.

दहा

आता किल्ल्या. ह्या कामात मला सर्वांत जास्त गोडी इथे आहे, आणि नवीन मुलं नेमका इथेच सर्वांत कमी वेळ देतात.

की-व्हॅल्यू स्टोअरला डिरेक्टरी म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, हे काही कळत नाही. त्याला एवढंच येतं: बाइटांची एक किल्ली, तिच्यासमोर बाइटांची एक किंमत, आणि सगळ्या किल्ल्या बाइटांच्या क्रमाने लावलेल्या. झाडासारखी पसरलेली फाइल सिस्टिम ह्या एका सरळ रांगेत बसवायची. ती कशी बसवली ह्यावर पुढे काय स्वस्त आणि काय महाग हे कायमचं ठरतं.

पहिला विचार कोणालाही सुचेल असा: फाइलचा पूर्ण मार्ग हीच किल्ली. फाइल शोधायची तर एकदा विचारलं की झालं. पण वरच्या डिरेक्टरीचं नाव बदललं की तिच्या पोटातल्या प्रत्येक फाइलची किल्ली बदलते. आत दहा लाख फायली असतील तर दहा लाख नोंदी खोडून दहा लाख नव्या लिहायच्या. ओझोनमध्ये सुरुवातीला पूर्ण नावाचीच किल्ली होती, आणि फाइल सिस्टिमसारखा वापर करणाऱ्यांसाठी पुढे त्यांना निराळी मांडणी आणावी लागली. आम्ही थेट तिच्या धर्तीवर गेलो: किल्ली म्हणजे पालक डिरेक्टरीचा क्रमांक आणि त्याला जोडून मुलाचं नाव. डिरेक्टरीचं नाव बदललं की एक नोंद खोडायची, एक लिहायची. पोटातल्या फायलींना आपल्या पालकाचा क्रमांक ठाऊक असतो. पालकाचं नाव काय, हे त्यांना माहीत असण्याची गरजच नाही.

ह्याची किंमत आहेच. सात पायऱ्या खोल असलेली फाइल शोधायला सात वेळा विचारावं लागतं. वरच्या डिरेक्टऱ्या सतत वापरात असल्यामुळे त्या मेमरीतल्या कॅशमध्ये सापडतात, म्हणून हा सौदा मी पत्करला. डिरेक्टरीची यादी मात्र फुकटासारखी मिळते: एका पालकाची सगळी मुलं रांगेत शेजारी-शेजारी उभी असतात, पहिल्यापाशी जायचं आणि क्रमांक बदलेपर्यंत चालत राहायचं.

क्रमांकाचे बाइट कसे मांडायचे हा प्रश्न चिल्लर वाटतो, पण तसा नाही. आकडा अक्षरांत लिहिला तर १० हा २ च्या आधी येतो. आमच्या मशीनच्या नैसर्गिक मांडणीत, लहान बाइट आधी, लिहिला तर २५६ हा १ च्या आधी येतो. म्हणून आठ बाइट, मोठा बाइट आधी. मग बाइटांचा क्रम आणि आकड्यांचा क्रम एक होतो. ह्यासाठी सकाळी चार चाचण्या नव्याने लिहिल्या, कारण हा निर्णय आज चुकला तर उद्या लोकांच्या डिस्कवर कोट्यवधी चुकीच्या किल्ल्या लिहिलेल्या असतील आणि त्या परत घेता येणार नाहीत. कोड बदलता येतो. डिस्कवर उतरलेली मांडणी वर्षानुवर्षं सांभाळावी लागते.

साडेअकरा

नावांच्या चाचण्यांमध्ये मी नेहमी मराठी नावं घालते. आज 'दुसऱ्या तिमाहीचा अहवाल' असं नाव घातलं, आणि त्यातल्या ऱ्यापाशी तासभर गेला.

ऱ्या हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच प्रकारे लिहिलं जात नाही. ऱ ह्या स्वतंत्र अक्षराला हलंत लावून लिहिता येतं, र आणि नुक्ता असं वेगळं करून लिहिता येतं, किंवा साध्या र ला हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देऊनही लिहिता येतं. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. बाइटांत तिन्ही वेगळी. म्हणजे एका डिरेक्टरीत डोळ्यांना एकच वाटणाऱ्या तीन फायली राहू शकतात, आणि एका कळफलकावर टाइप केलेलं नाव दुसऱ्यावरून शोधताना सापडत नाही. पहिली दोन रूपं युनिकोडच्या नियमांनी एकच मानली जातात, त्यामुळे ती एकत्र आणता येतील. तिसरं त्या नियमांतही येत नाही.

मग स्टोअरने नावं आपणहून सुधारावीत का? मी बराच विचार करून नाही असं ठरवलं. लिनक्सवरच्या फाइल सिस्टिम साधारणपणे नाव म्हणजे निव्वळ बाइट मानतात. आपण एक बाइट जरी बदलला तर ज्या प्रोग्रामने ती फाइल लिहिली त्यालाच ती सापडणार नाही. नाव जसं आलं तसं ठेवायचं. सारखी दिसणारी नावं ओळखायची ती शोध घेणाऱ्या वरच्या थराने. तिन्ही रूपं चाचणीत घातली, तिन्ही निराळ्या फायली म्हणून परत आल्या पाहिजेत अशी अट घातली, आणि शेजारी हे का, ते चार ओळींत लिहून ठेवलं. मराठी लिहिणाऱ्या माणसाची अडचण त्या कोडमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, ह्याचं मला समाधान आहे.

एक

आमटी-भात. क्लस्टर मोकळं झालं.

सव्वा

तेराव्या शेऱ्याकडे.

आमच्या मेटाडेटा सर्व्हरच्या तीन प्रती तीन मशीनवर चालतात आणि राफ्ट पद्धतीने एकमत करतात. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडलेली ही पद्धत. प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये क्रमांक घालून नोंदवला जातो. तिघांपैकी दोघांकडे तो डिस्कवर पोचला की पक्का झाला. त्यानंतरच तो दप्तरात, म्हणजे रॉक्सडीबीत, उतरतो.

अण्णांच्या कामाची रीत हीच होती. खरेदीखत झालं, वारस लागले, की तलाठी थेट सातबाऱ्याला हात लावत नाही. आधी फेरफार वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, क्रमांक घालून नोंद होते. नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मगच सातबाऱ्यावर अंमल दिला जातो. आमचा लॉग म्हणजे फेरफार वही, आणि रॉक्सडीबी म्हणजे सातबारा. खातेदाराच्या नावाने जमिनी शोधायला आठ-अ असतो, तशी आमच्याकडेही उलट दिशेने शोधायची दुय्यम यादी आहे.

सर्व्हर पडून पुन्हा उठतो तेव्हा त्याला एकच गोष्ट कळायला हवी: लॉगमधल्या कितव्या क्रमांकापर्यंतचा अंमल दिलेला आहे? मी तो क्रमांक लिहीत होते. पण आधी बदल लिहायचा, आणि दुसऱ्या ओळीत, निराळ्या लिखाणाने, क्रमांक. त्या दोहोंच्या मध्ये प्रोसेस मेली तर बदल झालेला असतो आणि क्रमांक मागचाच राहतो. उठल्यावर सर्व्हर तो बदल दुसऱ्यांदा करतो.

बहुतेक बदल दुसऱ्यांदा केले तरी बिघडत नाही. तीच नोंद त्याच किल्लीवर पुन्हा लिहिली तर तीच राहते. खोडलेली पुन्हा खोडली तर खोडलेलीच. म्हणूनच तीन आठवड्यांत एकही चाचणी ओरडली नाही. पण डिरेक्टरीच्या कोट्यासाठी आम्ही फायलींची मोजणी ठेवतो, आणि मोजणीत एक मिळवणं ही दोनदा चालणारी गोष्ट नव्हे.

दोन ओळींच्या मध्ये एक कृत्रिम थांबा घातला, तिथे प्रोसेसला किल मायनस नाईन देऊन जागच्या जागी मारलं, सर्व्हर पुन्हा उठवला. डिरेक्टरीत फायली दहा. मोजणी अकरा.

पहिल्याच प्रयत्नात. मी ते आकडे जरा वेळ बघत राहिले. कोट्याच्या सीमेवर असलेल्या माणसाला एक दिवस नवी फाइल लिहिता आली नसती, जागा असूनही, आणि का ते कोणालाही सापडलं नसतं.

तीन

उपाय अण्णांच्या सातबाऱ्यावर आयुष्यभर डोळ्यांसमोर होता. नोंदीच्या शेजारीच, वर्तुळात, फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असे. त्यांच्या जागी बदलून आलेल्या तलाठ्याला सातबारा पाहूनच कळायचं की ह्या फेरफाराचा अंमल झालेला आहे. क्रमांक दुसऱ्या वहीत सापडला तर सापडला, असं ते ठेवतच नसत.

रॉक्सडीबीत ह्यासाठी राइट बॅच आहे. अनेक लिखाणं एका गठ्ठ्यात बांधायची. गठ्ठा पूर्ण उतरतो किंवा अजिबात उतरत नाही. दुय्यम यादीसारखे भाग निराळ्या कॉलम फॅमिलीत, म्हणजे निराळ्या कप्प्यात, असले तरी गठ्ठा एकच राहतो. बदल, मोजणी, दुय्यम यादी आणि अंमल दिलेला शेवटचा क्रमांक, सगळं एका गठ्ठ्यात घातलं. बदल सहा ओळींचा. दहा फायली, मोजणी दहा.

आणि लगेच दुसरी चाचणी पडली: वीस फायली एकदम तयार केल्या तर मोजणी कमी भरत होती.

हे समजायला पाऊण तास लागला. वेगासाठी आम्ही लॉगमधल्या पुष्कळ नोंदी एकाच गठ्ठ्यात घेतो. पहिली नोंद म्हणते मोजणी ५ वरून ६ कर. ती गठ्ठ्यात आहे, डिस्कवर अजून नाही. दुसरी नोंद मोजणी वाचते तेव्हा तिला डिस्कवरचा जुना ५ च दिसतो, आणि तीही ६ च लिहिते. पूर्वी प्रत्येक बदल लगेच उतरत असल्यामुळे हे कधी दिसलं नव्हतं. गठ्ठ्यात काय चाललंय ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. रॉक्सडीबीत अनुक्रमणिका असलेला बॅचचा प्रकार आहे, तो गठ्ठ्यात आणि डिस्कवर दोन्हीकडे मिळून बघतो. तो वापरला. मोजणी जुळली.

एक चूक दुरुस्त करताना दुसरी उघडी पडली ह्याचं वाईट वाटत नाही. ती आज ह्या टेबलावर पडली. रिव्ह्यूअरने तो प्रश्न विचारला नसता तर दोन्ही चुका लोकांकडे गेल्या असत्या. तिचं नाव मी बदलाच्या नोंदीत लिहिलं.

साडेपाच

युरोपातला सहकारी जागेवर आहे, त्याने मेमरीबद्दल विचारलं. रॉक्सडीबी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली, आमचा सर्व्हर जावात. जावाचा कचरा गोळा करणारा तिच्या वस्तू मोजत नाही. यादीसाठी उघडलेला इटरेटर बंद करायला विसरलं तर हीपचा आलेख शांत दिसतो आणि खाली प्रोसेस फुगत जाते, ऑपरेटिंग सिस्टिम तिला मारेपर्यंत. मी सगळ्या जागा शोधल्या. एक सापडली: यादी करताना मध्येच अपवाद आला तर इटरेटर उघडा राहत होता. बंद केला.

त्यालाच हवी होती म्हणून आणखी एक चाचणी केली. एका डिरेक्टरीत ५० लाख फायली तयार केल्या, सगळ्या पुसल्या, आणि रिकाम्या डिरेक्टरीची यादी मागितली. स्पष्ट जाणवावं इतकी हळू आली. रॉक्सडीबीत पुसणं म्हणजे पुसल्याची खूण लिहिणं. मेमरीत साठून डिस्कवर उतरलेल्या फायली ती कधी जागच्या जागी बदलत नाही. पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलेल्या रचनेचा हा स्वभावच आहे. जुन्या नोंदी आणि खुणा कॉम्पॅक्शनमध्ये एकत्र होऊन जाईपर्यंत वाचणाऱ्याला सगळ्या खुणा ओलांडत जावं लागतं. मोठी डिरेक्टरी पुसल्यावर तेवढ्याच किल्ल्यांच्या पट्ट्यावर कॉम्पॅक्शन लावायचं, असं आमचं ठरलं. हे पुढच्या बदलात.

साडेनऊ

जेवण झालं, भांडी झाली. कॅलिफोर्नियात सकाळ आहे. तेराव्या शेऱ्याखाली मी उत्तर लिहिलं: तुझी शंका खरी होती, सर्व्हरने अकरा मोजले, आता दहा मोजतो, चाचणी सोबत आहे. तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं. चाचणी आवडली, आणि अजून एक प्रश्न: किल मायनस नाईन म्हणजे वीज जाणं नव्हे ना?

नव्हे. प्रोसेस मारली तरी ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिलेलं लिखाण तिच्या मेमरीत टिकतं आणि यथावकाश डिस्कवर जातं. वीज गेली तर तेही जातं. वेगासाठी आम्ही रॉक्सडीबीचं प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्कं करवून घेत नाही, कारण राफ्टचा लॉग पक्का असतो आणि हरवलेला अंमल त्यावरून पुन्हा देता येतो. पण लॉग कायमचा ठेवत नाही, जुना भाग आम्ही छाटतो. तो किती छाटायचा? मी कोड उघडला. अंमल दिलेल्या शेवटच्या क्रमांकापर्यंत. तो क्रमांक मेमरीत असू शकतो. रॉक्सडीबीने डिस्कवर पक्का केलेला क्रमांक त्याच्या मागे असू शकतो. मधल्या काळात तिन्ही मशीनची वीज एकदम गेली तर त्या नोंदी ना वहीत, ना सातबाऱ्यावर.

तिला तसंच लिहिलं आणि पुल रिक्वेस्टवर 'अजून विलीन करू नये' अशी खूण लावली. छाटणीची सीमा बदलायचा कोड आत्ताच लिहिता येईल, पण आधी तो प्रसंग घडवून बघायचा आहे, आणि त्यासाठी खरोखर वायर उपटता येईल अशी मशीन लागतील. ऑफिसमध्ये जुनी तीन आहेत. सकाळी साडेआठला किल्ली कोणाकडे असते ते विचारून ठेवलं. तोवर किल मायनस नाईनची चाचणी क्लस्टरवर हजार वेळा फिरायला लावली आहे. आत्ता एकशे चाळिसावी चालू आहे.